सहीच्या आधी आपला भाग लिहा

परदेशी विद्यापीठाबरोबर मिळून पदव्युत्तर अभ्यासक्रम काढायचं ठरलं की आपल्याकडे पहिली धावपळ सामंजस्य कराराची होते. तारीख ठरते, पाहुणे येतात, छायाचित्रं निघतात. आणि अभ्यासक्रमात नेमकं काय असेल, हे संयुक्त समिती यथावकाश ठरवील, असं एका कलमात लिहून सगळे मोकळे होतात. इथे भिलाईत, रुआबांध्यात राहून असे मसुदे मी वाचत आलो आहे, मागितली तेव्हा लेखी मतंही दिली आहेत. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपण कोणता प्रश्न शिकवणार, तो शिकवणारे आपले अध्यापक कोण, परीक्षा कोण घेणार आणि प्रबंधातून निघालेली माहिती कुणाच्या ताब्यात राहणार, हा आपला भाग आपल्या अभ्यास मंडळाने आधी पूर्ण लिहून काढावा. सहीची बोलणी त्यानंतर. उलट्या क्रमाने सुरू झालेले कार्यक्रम पहिल्या काही तुकड्यांनंतर सुकत जातात. तिकडचा तयार अभ्यासक्रम आपल्या नावाने चालू झालेला असतो, पण तो पुढे नेणारं माणूस इथे घडलेलं नसतं.

परदेशी सहकार्य या गावाला नवं नाही. हे गावच त्यातून उभं राहिलं. पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. आराखडे तिकडचे, यंत्रं तिकडची. पण भारतीय अभियंत्यांना सोव्हिएत कारखान्यांत पाठवून शिकवणं आणि कामगारांना इथेच तयार करणं हा त्या सहकार्याचा पहिल्यापासूनचा भाग होता. दहा लाख टनांचा कारखाना पुढे चाळीस लाख टनांवर गेला, तोवर आराखड्याच्या आणि यंत्रसामग्रीच्या कामात भारतीय संस्थांचा वाटा कितीतरी वाढला होता. सहकार्य मोजायचं ते असं: पाहुणा गेल्यावर पुढचं काम कोण करतं?

विद्यापीठांच्या बाबतीत याचा सर्वांत चांगला दाखला कानपूरच्या आयआयटीचा आहे आणि मराठी वाचकाला तो जवळचा वाटावा, कारण त्या संस्थेचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर होते. मुंबईची आयआयटी युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीवर उभी राहत असताना तिच्या आखणीत त्यांचा हात होता. १९५९ मध्ये ते कानपूरला गेले. तिथे १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं भारत-अमेरिका सहकार्याचा कार्यक्रम चालला. पलीकडे एमआयटी, बर्कली, प्रिन्स्टन, कॅलटेक, पर्ड्यू यांसह नऊ विद्यापीठं होती. नऊ भागीदार असल्यावर कुणा एकाचा अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलता येत नाही, हा मला त्यातला मोठा फायदा वाटतो. सत्रपद्धती, श्रेणी, विज्ञानाचा भक्कम पाया, १९६३ साली आलेला आयबीएम १६२० संगणक आणि त्यावरचं शिक्षण, हे सगळं त्या काळात रुजलं. पण विभाग उभे केले ते तिथे नेमलेल्या भारतीय अध्यापकांनी. त्यांतले अनेक जण परदेशात संशोधन करून परतलेले होते, अमेरिकी प्राध्यापक ठरावीक मुदतीसाठी येत आणि जात. मुदत संपली, पाहुणे गेले, संस्था चालू राहिली. याच्या उलट उदाहरण मीडिया लॅब एशियाचं. एमआयटीच्या सहभागाने २००१ मध्ये मोठ्या अपेक्षेने सुरू झालेल्या या उपक्रमातून २००३ मध्येच एमआयटी आणि भारत सरकार वेगळे झाले. तो पदवीचा अभ्यासक्रम नव्हता, त्यामुळे विद्यार्थी अधांतरी राहिले नाहीत. पदव्युत्तर कार्यक्रमात ते राहतील.

आता आपला प्रश्न लिहून काढायचा म्हणजे काय, ते या जिल्ह्यापुरतं सांगतो. समजा हरित पोलाद या विषयात युरोपातल्या एखाद्या विद्यापीठाबरोबर एम.टेक. काढायचं आहे. तिकडचा तयार अभ्यासक्रम स्वीडनच्या वाटेने जाईल. २०१६ मध्ये तिथल्या पोलाद, खाण आणि वीज कंपन्यांनी मिळून हायब्रिट हा प्रकल्प सुरू केला, आणि त्याची मांडणी उच्च प्रतीच्या लोहखनिजाच्या गोळ्या, उभी भट्टी आणि नवीकरणीय विजेपासून काढलेला हायड्रोजन यांवर आहे. ते शिकणं आवश्यकच आहे. पण छत्तीसगडमध्ये रायपूरजवळच्या सिलतरा-उरला पट्ट्यात स्पंज आयर्न कोळशावर, आडव्या फिरत्या भट्ट्यांत तयार होतं. आपल्या लोहखनिजात ॲल्युमिना जास्त, त्यामुळे झोतभट्टीतली मळी घट्ट होते. आपल्या कोकिंग कोळशात राख जास्त. भिलाईला दशकानुदशकं पुरवठा करणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणींतलं चांगलं खनिज संपत आल्याने रावघाटकडे वळावं लागलं. कमी प्रतीचं खनिज आणि कोळशावरच्या छोट्या भट्ट्या असताना कार्बन कसा घटवायचा, हा प्रश्न स्वीडनच्या पाठ्यक्रमात सुटलेला मिळणार नाही. तो दुर्ग-रायपूरच्या अध्यापकानेच मांडायला हवा. आधी मांडला तर भागीदार कोण हवा, तेही बदलतं: मळीच्या रसायनात ज्याचा हातखंडा आहे असं एखादं छोटं विद्यापीठ क्रमवारीतल्या मोठ्या नावापेक्षा जास्त उपयोगाचं ठरतं. इतका साधा विचार करारांच्या मसुद्यांत का दिसत नाही, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

माहितीच्या मालकीचा मुद्दाही याच मातीतला. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी सत्तरच्या दशकात रायपूरला भाताचे सुमारे १९ हजार देशी नमुने गोळा केले. पुढे हा साठा इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आला आणि २००२ मध्ये त्यावर सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीबरोबर सहकार्य करण्याची बोलणी उघडकीला आली. शेतकरी संघटना आणि कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने माघार घेतली. पलीकडे विद्यापीठ असतं तरी प्रश्न तोच राहिला असता. पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी बियाणं, खनिजाचे नमुने, आदिवासी भागातल्या रुग्णांच्या नोंदी, कारखान्याची आकडेवारी वापरतो. ती कुठे साठवली जाईल, तिच्यावर आधारलेल्या लेखाचा पहिला लेखक कोण, पेटंट निघालं तर हिस्सा कुणाचा, हे विद्यार्थ्याच्या प्रवेशाआधी कागदावर असायला हवं.

यावर एक आक्षेप हमखास येतो की नियम आहेतच, वेगळी चिंता कशाला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे मे २०२२ चे विनियम खरोखरच चांगले आहेत. नॅकचे किमान ३.०१ गुण, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात स्थान, किंवा उत्कृष्टता संस्थेचा दर्जा असलेल्या संस्थेला जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या हजार संस्थांपैकी एखादीशी आयोगाच्या पूर्वमंजुरीविना करार करता येतो. संयुक्त पदवीसाठी दोन्ही संस्थांत प्रत्येकी किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. मध्येच बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याचे श्रेयांक कसे धरले जातील, तेही आधी स्पष्ट करायचं आहे. पण नियम प्रमाण ठरवतो, आशय ठरवत नाही. ८० श्रेयांकांच्या एम.टेक.मध्ये ३० टक्के म्हणजे २४. हे २४ श्रेयांक तिकडे प्रयोगशाळेत मिळवायचे की प्रबंधात, यावर विद्यार्थ्याचं सगळं दुसरं वर्ष अवलंबून असतं. आपलं सत्र जुलै-ऑगस्टचं, त्यांचं सप्टेंबरचं. आपला निकाल लांबला आणि व्हिसाही लांबला की ते सत्र हातचं गेलं. हे कुठल्याही विनियमात लिहिलेलं सापडणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आमची संस्था छोटी, आम्ही अटी घातल्या तर ते दुसरीकडे जातील. काही जातीलही. पण गंभीर भागीदार अशा प्रश्नांना बिचकत नाही, कारण त्याच्याकडे हेच प्रश्न विचारले जातात. युरोपीय संघाच्या २००४ पासून चालू असलेल्या इरास्मस मुंडुस संयुक्त पदव्युत्तर कार्यक्रमांत भागीदार संस्थांना प्रवेश, परीक्षा आणि पदवीची समान व्यवस्था आपसात ठरवून द्यावी लागते. आयआयटी मुंबई आणि मोनॅश विद्यापीठ यांची संशोधन अकादमी २००८ पासून पवईत चालते; तिथे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक इथला आणि एक तिथला असतो, काही काळ मेलबर्नला जावं लागतं आणि पदवी दोघांची मिळते. दोन मार्गदर्शक एका विषयावर एकत्र आल्याखेरीज तिथे विद्यार्थ्याचं काम सुरू होत नाही. छोट्या संस्थेने एवढं एक जरी उचललं तरी पुष्कळ आहे.

तिसरा आक्षेप पालकांचा: मुलांना परदेशी पदवी हवी आहे, दल्ली राजहराचं खनिज नको. ही इच्छा चुकीची नाही. पण निव्वळ परदेशी पदवी हवी असेल तर वाटा आता पुष्कळ आहेत. ब्रिटनची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी २०२२ च्या करारानंतर भारतात मान्य झाली आहे, अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा असे व्यावसायिक विषय त्यात नाहीत. डीकिन विद्यापीठाची शाखा गुजरातच्या गिफ्ट सिटीत २०२४ मध्ये आणि साउदॅम्प्टन विद्यापीठाची गुरुग्राममध्ये २०२५ मध्ये सुरू झाली. नवी मुंबईतही परदेशी विद्यापीठं येत आहेत. या सगळ्यांशी स्पर्धा करून दुर्गमधला संयुक्त कार्यक्रम केवळ नावावर टिकणार नाही. दोन्हींपैकी कुठलीही एक संस्था एकटीने शिकवू शकणार नाही असं काही त्यात असेल, तरच विद्यार्थ्याने त्याचं शुल्क का भरावं याचं उत्तर देता येईल.

म्हणून नेवईच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांतल्या आणि कुटेलाभाठ्याच्या आयआयटीतल्या, तसंच नागपूर, अमरावती, कोल्हापूरच्या अध्यापक मित्रांना माझी विनंती आहे. करार विद्या परिषदेपुढे येईल तेव्हा त्यासोबत सत्रनिहाय अभ्यासक्रम, अध्यापकांची नावं, परीक्षेची व्यवस्था, माहितीच्या मालकीचं कलम आणि भागीदार निघून गेल्यास चालू तुकडीला पदवी कोण देणार याचं लेखी उत्तर मागा. सिंगापूरचं येल-एनयूएस महाविद्यालय २०११ मध्ये स्थापन झालं आणि दहा वर्षांतच, ऑगस्ट २०२१ मध्ये, ते बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. प्रवेश घेतलेल्यांना २०२५ पर्यंत शिकून बाहेर पडता आलं, कारण पाठीशी भक्कम विद्यापीठ होतं. तेवढं पाठबळ आपल्या संस्थेकडे नसेल तर पहिल्या तुकडीत दहाच विद्यार्थी घ्या. आणि ही कागदपत्रं समोर आली नाहीत तर मंजुरी देऊ नका. पुढच्या बैठकीला विषय पुन्हा घेता येतो.