पिलाचे पाय फाकले तर

मोहर्लीसारख्या जंगलालगतच्या गावात बटेर पाळायची तर जपानी जातीचीच पाळावी. रानातली लावरी किंवा तिची अंडी घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

जपानी बटेरीची अंडी सतरा-अठरा दिवसांत फुटतात. पिलू जेमतेम सात-आठ ग्रॅमचे. त्यांतल्या दोन-चारांचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेले दिसले, की घरात कुणीतरी लगेच म्हणते, नजर लागली. आम्ही म्हणतो, आधी खाली काय अंथरले आहे ते बघा. बहुतेक घरी वर्तमानपत्रच असते! गुळगुळीत कागदावर पाय घसरतात आणि कोवळे सांधे तसेच फाकून बसतात. असे पिलू दाण्यापाण्यापर्यंत जाऊ शकत नाही. पोटातला बलक संपला की ते भुकेने मरते. म्हणून पहिल्या दिवसापासून गोणपाट अंथरा. फाकलेले पाय त्याच दिवशी चिकटपट्टीच्या बारीक पट्टीने सैलसर जोडा; मध्ये पिलू नीट उभे राहील इतके अंतर असू द्या. पट्टी दोन-तीन दिवसांनी काढा. उशीर केला तर हाडे तशीच घट्ट होतात.

बोटे आत वळली असतील तर गोष्ट वेगळी. मादीच्या खाद्यात ब-२ जीवनसत्त्व कमी पडले असेल किंवा उबवण यंत्राची उष्णता ३७.५ अंशांच्या वरखाली झाली असेल. भावंडांच्याच जोड्या लावल्या तरी असे व्यंग येते. ब जीवनसत्त्वाचे औषध गुरांच्या दवाखान्यात विचारूनच द्या.

पाण्याच्या बशीत खडे टाका, पिले बुडतात. आणि पिलांशी खेळून आलेल्या लेकरांचे हात साबणाने धुवा, मगच जेवायला बसवा.