दुकानातले कोच

आष्टी तालुक्यात, कड्याला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मांडव्याचा अविनाश साबळे कुठं पळायचा असला की दुकानात गिऱ्हाईक कमी आणि कोच जास्त होतात. कोलकात्यात, गोव्यात लोक फुटबॉलच्या कोचवरून हमरीतुमरीवर येतात, आम्ही स्टीपलचेसवरून, म्हणजे अविनाशच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून. गेली सहा-सात वर्षं या वादांत मीही भरपूर तोंड घातलं. त्यात जे कळत गेलं ते लिहून ठेवतो.

१. आधी नियम वाचावा, मग शिवी द्यावी.

२०२१, टोकियो ऑलिंपिक. गडी ८ मिनिटं १८.१२ सेकंदांत आला, नवा राष्ट्रीय विक्रम केला, आणि तरी फायनलला नाही! तिसऱ्या हीटमध्ये पहिला आलेला मोरोक्कोचा एल बक्काली त्याच्यापेक्षा हळू पळाला होता, तो मात्र आत. पुढं सुवर्णही त्यानंच नेलं. दुकानात एकमत झालं की कोचनं घोळ घातला. हीटमधले पहिले तीन थेट जातात आणि उरलेल्या जागा वेळेवर भरतात, अविनाश त्याच्या हीटमध्ये सातवा होता, हे माझ्या भाच्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं. त्यावर एक आबा म्हणाले, "मग नियमच चुकलाय." म्हणजे कोच सुटला एकदाचा. २०२३ ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत वेळेवर जायची सोयच नव्हती, नुसते पहिले पाच. तिथंही हा सातवा. त्या दिवशी मात्र नियम काढून बघायच्या आधीच कोचचा उद्धार झाला, आणि त्यात मी पुढं होतो.

२. पुढं पळावं की मागं, याचा निकाल लागत नाही.

ओरेगॉनच्या जागतिक स्पर्धेत २०२२ मध्ये फायनल बैलगाडीच्या चालीनं पळाली. अविनाश अकरावा, ८:३१.७५. "घोळक्यात कशाला राहिला? सुटायचं ना पुढं!" असं म्हणणारा पक्ष जिंकला. तीन आठवड्यांत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं केनियाच्या किबिवोटला शेवटपर्यंत सोडलं नाही, ०.०५ सेकंदानं सुवर्ण हुकलं, ८:११.२० आणि रौप्य. तेव्हा "दम धरला म्हणून जमलं" म्हणणारा पक्ष वर. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तो आघाडी घेऊन पळाला आणि ८:१९.५० मध्ये सुवर्ण आणलं, की पहिला पक्ष पुन्हा वर. दोन्ही पक्षांकडं पुरावे आहेत, त्यामुळं चहा संपतो, वाद संपत नाही.

३. बोलण्याआधी एकदा उडी मारून बघावी.

मी पण पळालेला माणूस आहे. भरतीसाठी सोळाशे मीटरला दोन वर्षं घासलीत, दोन्ही वेळा काही सेकंदांनी राहिलो. त्या जोरावर मी दुकानात म्हणायचो, "अडथळ्यावर पाय ठेवायचाच कशाला? सरळ उडून जावं." भाचा वैतागला. म्हणाला, "मामा, चला, दाखवाच."

अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर. शेतात दोन ड्रम उभे केले, वर गोठ्याचा जुना सागवानी वासा आडवा बांधला, टेपनं मोजला. माझ्या कमरेला लागला. पहिल्या दोन उड्या बऱ्या गेल्या. तिसरीला दम नव्हता, मागचा गुडघा वाशावर खाडकन बसला. साध्या हर्डल्स धक्का लागला की आडव्या होतात. हा वासा जागचा हलला नाही, स्टीपलचेसचा अडथळाही हलत नाही. मी तुरीच्या धसकटांत पालथा. असे २८ अडथळे, शिवाय पाण्यावरच्या सात उड्या, आणि शेजारी कोपर मारणारी जगातली पोरं. नडगीवरची खूण अजून आहे. आठवडाभर लंगडत दुकान उघडलं, कुणी कारण विचारलं तर जिना सांगितला. दुकानाला जिना नाही.

४. गुरू-शिष्याच्या भांडणात बाजू घेऊ नये.

बेलारूसचे कोच निकोलाय स्नेसारेव कडक शिस्तीचे. अविनाश त्यांच्या कॅम्पमधून निघून सैन्यातल्या अमरीश कुमारांकडं परत गेला आणि २०१९ मध्ये स्नेसारेवांनी काम सोडलं. मी तेव्हा छाती फुगवून सांगायचो, "आपल्या पोराला परदेशी माणूस काय शिकवणार?" २०२१ च्या मार्चमध्ये ते ऑलिंपिकच्या तयारीसाठी परत आले, अविनाशलाच घडवायला. ५ मार्चला पतियाळाच्या क्रीडा संस्थेतल्या त्यांच्या खोलीत ते मृतावस्थेत सापडले. ७२ वर्षांचे होते. बातमी वाचली तेव्हा दुकानात पाचसहाजण होतो. कुणीच काही बोललं नाही. मग एकानं युरियाचा भाव विचारला.

पुढं अविनाश अमेरिकेचे कोच स्कॉट सिमन्स यांच्याकडं गेला. तेव्हा मी गप्प बसायला शिकलो होतो.

भाचा फुटबॉलवाला. तिकडंही कोचची हीच ये-जा. २०२४ च्या जूनमध्ये भारताचा कोच स्टिमाचला काढलं, मग मार्केझ आला, तो गोव्याचा क्लब आणि देशाचा संघ दोन्ही एकदम सांभाळत होता, मग २०२५ ला खालिद जमील. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून २-१ हरलो आणि आशियाई चषक हुकला. भाचा रात्रभर फॉर्मेशन मांडत बसला होता, खताच्या पावत्यांच्या पाठीवर.

५. ॲथलेटिक्स फेडरेशनला उठसूट झोडपू नये.

दोहाची जागतिक स्पर्धा, २०१९. हीटमध्ये इतरांच्या पडापडीत अविनाश अडकला. भारतानं दाद मागितली, ती मान्य होऊन तो फायनलमध्ये. तिथं ८:२१.३७, आणि टोकियोचं तिकीट. एवढंच.

६. रात्री सव्वाला जो येतो, त्यानंच बोलावं.

पॅरिसची फायनल आपल्याकडं ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री सव्वाच्या सुमारास होती. रोजचे चौदा कोच, त्यातले आले तीन. मोबाईल युरियाच्या गोणीला टेकवला. ऑलिंपिकच्या स्टीपलचेस फायनलमध्ये भारताचा पुरुष पहिल्यांदाच, आणि तो आमच्या तालुक्यातला. अकरावा आला, ८:१४.१८. आम्ही तिघं शटर ओढून न बोलता घरी गेलो. सकाळी नऊला बाकीच्या अकरांनी आम्हाला शर्यत समजावून सांगितली.

७. सातवा धडा अजून लिहायचाय. २०२५ च्या जुलैत मोनॅकोत अविनाशचा गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. दुकानात कोचचा विषय एका दिवसात बंद पडला आणि सगळे डॉक्टर झाले. परवा ते नियमवाले आबा आले, गोणीवर बसले आणि जामखेडकडच्या एका हाडवैद्याचं नाव त्यांनी माझ्याकडून पावतीमागं लिहून घेतलं. पत्त्यासकट. मग ती पावती माझ्याच हातात देऊन म्हणाले, "मांडव्याकडं कोण चाललंय का बघ."