आपले बारा धोंडे

आजचे वाचन: यहोशवा 4:1-9, निर्गम 18:13-26, 1 पेत्र 5:1-4



आमच्या संडे स्कूलमधल्या एका मुलाला वर्गमित्राने विचारलं, "तुमचा धर्म इंग्रजांनी आणला ना?" त्याला उत्तर देता आलं नाही. नवी मुंबईत वाढणारी आपली मुलं वाशी-नेरुळचीच. आजी-आजोबा कोल्हापूर, मिरज किंवा जालन्याहून आले, एवढंच त्यांना माहीत असतं. विश्वास कुठून आला, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

यार्देन ओलांडल्यावर देवाने बारा धोंडे उचलून आणायला लावले. का? पुढे मुलं त्यांचा अर्थ विचारतील म्हणून! म्हणजे मुलांनी प्रश्न विचारणं देवाने गृहीतच धरलं आहे. तयारी मोठ्यांनी करायची आहे.

संडे स्कूलमध्ये हा धडा असा घेता येईल. जमिनीवर खडूने महाराष्ट्राचा मोठा नकाशा काढा. गुळगुळीत दगडांवर मार्करने गाव आणि साल लिहा. एकेका मुलाने दगड योग्य जागी ठेवायचा आणि एक वाक्य सांगायचं:

- मुंबई, 1829: स्कॉटलंडचे जॉन व मार्गारेट विल्सन आले, मराठी शिकले. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या.
- मुंबई, 1843: स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा.
- जालना: याच शेषाद्रींनी पुढे दलित कुटुंबांसाठी जवळच बेथेल वसवलं.
- कोल्हापूर, 1852: अमेरिकेचे रॉयल वाइल्डर आले. 1870 मध्ये हे काम प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं.
- मिरज, 1894: डॉ. विल्यम वॉनलेस यांचं हॉस्पिटल.
- नागपूर, 1970: सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली.

उरलेले सहा दगड कोरे ठेवा. मुलांनी घरी जाऊन आजीला विचारायचं, "आपल्या घरात प्रभूला पहिल्यांदा कोणी ओळखलं? कुठे?" पुढच्या रविवारी ती नावं लिहायची.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. 1843 मध्ये स्कॉटलंडची मंडळी फुटली. जमीनदाराने निवडलेला पाळक मंडळीवर लादता येतो का, हा मोठा वाद होता. विल्सन फ्री चर्चच्या बाजूने उभे राहिले आणि मुंबईत नुकतीच बांधलेली शाळेची इमारत त्यांना सोडावी लागली. मुलांना हे जरूर सांगा. निरोप परक्या देशातल्या माणसांनी आणला, हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. पण मंडळीचा मस्तक ख्रिस्त आहे, सरकार नाही, यासाठी त्यांनी किंमत मोजली. आणि बेथेल उभं केलं ते आपल्याच मातीतल्या माणसाने.

'प्रेसबिटेरियन' शब्दामागे ग्रीक 'प्रेसबुतेरोस' आहे, म्हणजे वडील. एकट्या माणसाच्या हाती सगळा कारभार नको. मंडळीने निवडलेले वडील पाळकाबरोबर बसून जबाबदारी घेतात. हे समजवायला एक खेळ: रंगीत मण्यांचा ढीग एकाच मुलाला वेगळा करायला द्या, बाकीच्यांनी फक्त रांगेत उभं राहायचं. मग दहा-दहा मणी सगळ्यांना वाटा. काम झटकन होतं! इथ्रोने मोशेला हाच सल्ला दिला होता. आम्ही सॉफ्टवेअरवाले पण सगळा लोड एका सर्व्हरवर टाकत नाही.

मात्र पेत्र बजावतो की वडिलांनी धनीपण गाजवू नये, कळपाला कित्ता व्हावं. म्हणून खेळानंतर मुलांना एक खरं काम द्या: कोणी चटया घालेल, कोणी लहानांना हात धरून आणेल.

वारसा मिरवण्यासाठी नाही. धोंड्यांनी स्वतःकडे नाही, तर पाणी थांबवणाऱ्या देवाकडे बोट दाखवलं. आपल्या घरातला दगड कोरा असेल, तर आजच फोन करून विचारा. सांगणारी माणसं थकत चालली आहेत.

प्रार्थना: हे प्रभू, तू आमच्या वाडवडिलांसाठी जे केलंस ते आमच्या मुलांना सांगायला आम्हांला शब्द दे, आणि आमच्या वागण्याने ते खरं ठरू दे. येशूच्या नावाने, आमेन.