मंदावलेला जठराग्नी : चूर्णाआधी घड्याळ पाहा

'दोन घास खाल्ले की पोट डब्ब होते', 'दुपारी चारपर्यंत सकाळच्या जेवणाचेच ढेकर येतात', 'भूक अशी लागतच नाही', अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात रोज कोणी ना कोणी येते. बहुतेकांनी आधीच चार चूर्णे आणि दोन प्रकारच्या गोळ्या घेऊन पाहिलेल्या असतात. पचनशक्ती बाटलीतून मिळते, अशी आपली समजूत झाली आहे. प्रत्यक्षात ती बरीचशी जेवणाच्या वेळेत आणि मात्रेत असते.

आयुर्वेदाने जठराग्नी चार प्रकारचा सांगितला आहे : सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. थोडे खाल्लेलेही ज्याला जड होते, त्याचा अग्नी मंद. मी ॲलोपॅथीचा डॉक्टर; आमच्या पुस्तकांत 'अग्नी' नाही. पण जठरातील आम्ल, पाचक रस, पित्त आणि आतड्यांची हालचाल यांचे एकत्रित काम म्हणजे अग्नी असे धरले, तर आहाराबाबतचा दोन्हीकडचा सल्ला बराच जुळतो.

पहिला नियम : आधीचे पचल्यावरच पुढचे खा. साधे जेवण जठरातून पुढे सरकायला साधारण तीन ते चार तास लागतात. तळलेले, तेलकट असेल तर त्याहून जास्त. पहिले पचण्याआधी पुन्हा खाण्याला आयुर्वेदात 'अध्यशन' म्हणतात. दुकानात बसणाऱ्यांचा दिवस आठवा. सकाळपासून चार चहा, मध्येच भजी, दुपारचे जेवण तीन वाजता आणि रात्री साडेदहाला पोटभर जेवून लगेच अंथरूण! यात अग्नी पेटायला सवड कुठे आहे?

दुसरा नियम मात्रेचा. वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पिले आहेत. दोन भाग घन अन्नासाठी, एक द्रव पदार्थांसाठी आणि एक वायूसाठी मोकळा. सोप्या भाषेत, आणखी अर्धी भाकरी जाईल असे वाटत असतानाच हात धुवावा. घास सावकाश चावला की पोट भरल्याची जाणीव वेळेवर होते.

तिसरा नियम : रात्रीचे जेवण हलके आणि झोपेच्या दोन-तीन तास आधी. मुगाची खिचडी किंवा भाकरी आणि शिजवलेली भाजी पुरे. जेवणानंतर शतपावली करावी. आडवे व्हायचेच तर डाव्या कुशीवर. त्याने आम्ल घशाकडे कमी येते.

उपवासाबद्दलही सांगायला हवे. लंघन म्हणजे पोटाला विश्रांती. पण 'एकादशी दुप्पट खाशी' झाली आणि साबुदाणा, दाण्याचा कूट, बटाटा पोटात गेला, की हलके होण्याऐवजी जडपणाच वाढतो. पावसाळ्यात अग्नी मुळातच मंद असतो असे आयुर्वेद मानतो. तेव्हा ही काळजी अधिक घ्यावी.

आता घरगुती उपाय. जेवणाआधी आल्याचा छोटा तुकडा, जेवणासोबत जिरेपूड घातलेले ताजे, आंबट नसलेले ताक, पहिल्या घासाला तुपातून थोडे हिंग्वाष्टक चूर्ण, हे जुनेच उपाय आहेत. मात्र ते जडपणा आणि वाऱ्यासाठी आहेत. छातीत-पोटात जळजळ असेल तर सुंठ-मिरीने ती वाढू शकते. हिंग्वाष्टकात सैंधव असते, खाण्याच्या सोड्यातही सोडियम असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी जपून राहावे. तंबाखू आणि मिश्री चालू ठेवून कोणतेही चूर्ण उपयोगाचे नाही. सांधेदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेत असाल तर पोटदुखीचे मूळ तिथेही असू शकते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक 'अपचन' हे अपचन नसते. जठरव्रणाच्या मुळाशी अनेकदा 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जंतू असतो. या शोधासाठी मार्शल आणि वॉरेन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याला पथ्य पुरत नाही, प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्सच लागतो. वजन घटणे, घास अडकणे, डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, कावीळ, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली अपचनाची तक्रार, यांपैकी काहीही असेल तर काढे करीत बसू नका. दुर्बिणीतून जठराची तपासणी लागू शकते. आणि छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाटून येऊन घाम सुटला, दम लागला, तर 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा चावत वेळ घालवू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. मधुमेहींना तर छातीत न दुखताही झटका येतो. तडक रुग्णालय गाठा.

अशी धोक्याची लक्षणे नसतील तर पंधरा दिवस एवढेच करा : दोन्ही जेवणे ठरल्या वेळी, मधले तोंड टाकणे बंद, रात्री आठच्या आत जेवण. एवढ्याने फरक पडला तर चूर्णाची बाटली विकत घ्यायची गरजच उरणार नाही. फरक पडला नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा.