कार्डावरील विक्री : मंजुरी निराळी, वसुली निराळी

आपला माल अडत्याकडे न घालतां थेट गिऱ्हाइकास विकणारे बागाइतदार आज पुष्कळ आहेत. त्यांच्या विक्रीच्या मांडवांत आतां तराजूशेजारीं कार्ड घेण्याचें यंत्रहि दिसूं लागलें आहे. यंत्रावर मंजुरीचीं अक्षरें उमटलीं कीं पैसे मिळाले, अशी अनेकांची समजूत होते. ती बरोबर नाहीं. हुंडी सकारली गेली म्हणजे रुपये गांठीस आले, असें जुन्या पेढीवरील कोणीहि व्यापारी मानीत नसे. सकारणें निराळें आणि चुकती होणें निराळें. तोच न्याय येथें लागू आहे.

या व्यवहारांत पांच पक्ष असतात : गिऱ्हाईक, त्यास कार्ड देणारी बँक, विक्रेता, त्याच्यासाठीं पैसे गोळा करणारी बँक, आणि या दोन बँकांस जोडणारें जाळें. व्हिसा, मास्टरकार्ड व आपल्या देशांत 2012 सालीं सुरू झालेलें रुपे हीं अशीं जाळीं होत.

समजा, एका आंबेवाल्यानें 2,400 रुपयांची पेटी विकली. गिऱ्हाइकानें क्रेडिट कार्ड यंत्रास लावून गुप्त अंक दाबले, कीं निरोप प्रथम विक्रेत्याच्या बँकेकडे आणि तेथून जाळ्यामार्फत कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. कार्ड खरें आहे काय, त्याची मुदत उरली आहे काय व उधारीच्या मर्यादेंत ही रक्कम बसते काय, हें ती बँक पाहते आणि मंजुरीचा क्रमांक परत धाडते. हें सारें कांहीं क्षणांत होतें. परंतु या वेळीं एकहि रुपया हललेला नसतो. गिऱ्हाइकाच्या मर्यादेंतून तेवढी रक्कम केवळ राखून ठेवलेली असते.

पूर्वीं हें इतकें सोपें नव्हतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, द्राक्षें व मनुका यांच्या मुलखांत, फ्रेस्नो नांवाचें शहर आहे. तेथें 1958 सालीं बँक ऑफ अमेरिकेनें सुमारें 60,000 रहिवाशांस टपालानें कार्डें धाडून हा व्यवसाय आरंभिला. त्या काळीं ठराविक रकमेहून मोठ्या विक्रीस दुकानदारानें टेलिफोन करून मंजुरी मागावी, आणि कार्डाचा ठसा घेतलेल्या चिठ्ठ्या मागाहून बँकेंत भराव्या, अशी रीत होती. 1973 सालीं मंजुरीचें काम संगणकाकडे गेलें. कागदी चिठ्ठी गेली, तरी भरणा मात्र राहिला.

दिवसाअखेर यंत्रांतील सर्व मंजूर व्यवहारांचा एकत्र हिशेब बँकेकडे जातो; हाच तो भरणा. पुष्कळ यंत्रें हें काम रात्रीं आपोआप करतात. कांहींत विक्रेत्यास कळ दाबावी लागते. भरणा राहून गेला, तर कांहीं दिवसांनीं राखलेली रक्कम मोकळी होते, आणि आंबेहि गेले व पैसेहि गेले अशी गत होऊं शकते. भरणा पोंचल्यावर बँका परस्परांचीं देणींघेणीं वजा करून बाकी चुकती करतात, आणि बहुधा पुढील कामाच्या दिवशीं रक्कम विक्रेत्याच्या खात्यांत पडते.

मात्र ती पुरी 2,400 नसते. वटाव शेंकडा 2 ठरला असल्यास 48 रुपये, आणि त्या वटावावर शेंकडा 18 प्रमाणें 8 रुपये 64 पैसे कर वजा होऊन 2,343 रुपये 36 पैसे जमा होतील. वटावाचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेस मिळतो, कारण उधारीची जोखीम तिनें पत्करलेली असते. क्रेडिट कार्डाच्या वटावास रिझर्व्ह बँकेनें कमाल मर्यादा घातलेली नाहीं. यास्तव करारापूर्वींच घासाघीस करून दर ठरवावा. रुपेच्या डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020 पासून विक्रेत्यास वटाव पडत नाहीं.

पैसे जमा झाले तरी व्यवहार पुरता मिटला, असें नव्हे. माल पोंचला नाहीं किंवा ही खरेदी आपली नव्हे, अशी तक्रार गिऱ्हाइकानें आपल्या बँकेकडे केल्यास, आणि विक्रेत्यापाशीं पुरावा नसल्यास, रक्कम त्याच्या खात्यांतून परत जाते.

म्हणून शेतकरी बंधूंनीं चार नियम पाळावे. रोज रात्रीं भरणा झाल्याची खात्री करावी. आठवड्यांतून एकदां यंत्राचा हिशेब बँकेच्या पुस्तकाशीं ताडून पाहावा. बिलें व पोंचपावत्या जपून ठेवाव्या. आणि मजुरी व खताचें देणें यंत्रावरील आंकड्यावर न बेततां, खात्यांत पडलेल्या आंकड्यावर बेतावें.