हिवाळी गिरिभ्रमण आणि वाटाड्याची विद्या
(द्वितीय वर्ष, कला)

सोलापूर हे सपाटीवरचे शहर. आपल्या आसपासचे सोलापूर, नळदुर्ग, परांडा हे किल्ले भुईकोट. डोंगर चढण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही याच सोलापूरच्या आनंद बनसोडे यांनी २०१२ साली एव्हरेस्ट शिखर गाठले, आणि अलीकडे नोव्हेंबर उजाडला की आपल्या महाविद्यालयातील मुले-मुलीही पाठीला सॅक लावून पुण्याच्या गाडीत बसताना दिसतात. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड, साल्हेर ही नावे आता वर्गात ऐकू येतात. अशा सहलींवर लिहिताना बहुधा शिखराचे व सूर्योदयाचे वर्णन केले जाते. मला मात्र सर्वांच्या पुढे चालणाऱ्या आणि फोटोत क्वचितच दिसणाऱ्या माणसाविषयी लिहावयाचे आहे. तो माणूस म्हणजे वाटाड्या. त्याच्याजवळ जे आहे त्याला विद्या म्हणावे की नुसती सवय, आणि तिचे मोल कसे व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हिवाळाच का?

सह्याद्रीचा कातळ काळ्या बसाल्टचा. जून ते सप्टेंबर त्यावर शेवाळ धरते, धुके उतरते, ओढे वाटा अडवतात. एप्रिल-मे महिन्यांत तोच कातळ तव्यासारखा तापतो आणि बरीच टाकी आटतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात खडक कोरडा असतो, टाक्यांत पाणी असते, हवा स्वच्छ असल्याने दूरची शिखरे ओळखता येतात. म्हणून बाहेरगावचे लोक याच दिवसांत येतात.

दुसरे कारण गावाच्या बाजूचे आहे. अकोले तालुक्यातील डोंगराळ पट्ट्यात महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. भात, नागली, वरई ही तेथील पावसावरची पिके. ती निघाली की शेतात काम उरत नाही, आणि अनेक कुटुंबे जुन्नर-नारायणगावच्या बागायती भागात मजुरीला जातात. पाहुण्यांचा हंगाम नेमका याच रिकाम्या महिन्यांत येतो. वाट दाखवणे, पिठले-भाकरी करून घालणे, तंबू लावून देणे, यांतून घरी राहून चार पैसे मिळाले तर तेवढे स्थलांतर टळते. शहरी माणसाची हौस आणि गावाची गरज यांची गाठ अशी हिवाळ्यात पडते.

वाटाड्या काय जाणतो?

गेल्या डिसेंबरात आम्ही बारा जण पाचनई गावातून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. गडाची उंची १४२४ मीटर. वर हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन मंदिर, केदारेश्वराची पाण्याने भरलेली गुहा आणि पश्चिमेला कोकणकड्याची प्रचंड भिंत. आमच्याबरोबर गावातले एक पन्नाशीचे गृहस्थ होते. आम्ही त्यांना मामा म्हणत होतो. त्यांचे काम मी दिवसभर लक्ष देऊन पाहिले.

निघण्यापूर्वी त्यांनी प्रत्येकाच्या पायांतील बूट पाहिले आणि पाणी किती घेतले ते विचारले. पुढे चालताना त्यांनी आपला वेग आमच्यातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या मुलीच्या वेगाशी जुळवला. एका ठिकाणी ठळक पायवाट सोडून त्यांनी आम्हांला बारीक वाटेने नेले. विचारल्यावर म्हणाले, "ती ढोरवाट हाय. गुरं चरायला जात्यात, गडावर न्हाई." वाळलेल्या गवताच्या उतारावर पाय घसरतो म्हणून तेथे आडवे पाऊल टाकायला शिकवले. एका कड्याखाली आग्या मोहोळ होते. तेथे कोणी ओरडू नये, विडी-सिगारेट पेटवू नये, अंगाला अत्तर लावलेल्याने मागे राहावे, असे त्यांनी बजावले. कोकणकड्यावर काठापासून बऱ्याच अंतरावर थांबवले आणि पुढे पाहायचे असेल तर पोटावर झोपून पाहा, असे सांगितले. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अर्ध्या तासात अंधार पडतो. म्हणून माघारी फिरायची वेळ त्यांनी सकाळीच ठरवली होती, आणि आम्ही कितीही विनवले तरी ती बदलली नाही.

यात भूगोल आहे, वनस्पतींची ओळख आहे, माणसाच्या दमाचा अंदाज आहे, आणि "नाही" म्हणण्याचे धैर्यही आहे. माझे वडील यंत्रमागावर काम करतात. मागाच्या आवाजावरून धागा कोठे तुटला हे त्यांना पाठ फिरलेली असतानाही कळते. आई विड्या वळते. हाताच्या चिमटीतच तिचा तराजू आहे. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून नातेवाईक मला "शिकलेला" म्हणतात आणि आईवडिलांना "अडाणी". पाचनईहून आल्यापासून या दोन शब्दांची वाटणी मला पटेनाशी झाली आहे.

इतर देशांचे दाखले

आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ हे शिखर ८ ऑगस्ट १७८६ रोजी प्रथम सर झाले. ते सर करणाऱ्या दोघांपैकी मिशेल पाकार हे डॉक्टर होते, तर जाक बाल्मा हा डोंगरात स्फटिक शोधून विकणारा शामोनी खोऱ्यातला गावकरी होता. पुढे पाहुणे वाढले. १८२० साली हिमप्रपातात तीन वाटाडे मरण पावले. त्यानंतर १८२१ मध्ये शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना स्थापन केली. तिचे दोन नियम मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला, काम पाळीपाळीने वाटून घ्यायचे, म्हणजे एकालाच सर्व गिऱ्हाईक मिळणार नाही. दुसरा, अपघातग्रस्तांच्या कुटुंबांसाठी सामाईक निधी ठेवायचा. ही संघटना आजही चालू आहे.

हिमालयातील चित्र याहून वेगळे आहे. १९५३ साली एडमंड हिलरी यांच्यासह तेनसिंग नोर्गे एव्हरेस्टवर पोहोचले. १९५४ मध्ये दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था निघाली आणि तेनसिंग तेथे शिक्षक झाले. डोंगरातल्या माणसाच्या विद्येला असा मान मिळाला. परंतु १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार दगावले, तेव्हा सरकारने प्रत्येक कुटुंबाला तातडीची मदत म्हणून देऊ केले ते अवघे चाळीस हजार नेपाळी रुपये. शेर्पांनी त्या वर्षी चढाईस नकार दिला. शिखरावर झेंडा पाहुण्याचा आणि जोखीम वाटाड्याची, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता.

आपल्याकडे काय व्हावे?

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. सहली नेणाऱ्यांची नोंदणी, प्रशिक्षित माणसे व सुरक्षेची साधने यांवर त्यात भर आहे, आणि ते योग्यच आहे. प्रथमोपचार, दोराचा वापर, जखमीला खाली आणण्याची पद्धत या गोष्टी केवळ अनुभवाने येत नाहीत. मात्र एक धोका ध्यानात घेतला पाहिजे. प्रमाणपत्र शहरात, शहरी फीमध्ये आणि इंग्रजी पुस्तकातून मिळू लागले, तर चौथीत शाळा सुटलेला वाटाडा आपल्याच डोंगरावर हमाल होईल. प्रमाणपत्रवाला पुढे आणि वाट जाणणारा ओझे घेऊन मागे, हे दृश्य सुरक्षिततेच्या दृष्टीनेही घातक आहे.

म्हणून मला पुढील उपाय सुचवावेसे वाटतात. पेरणीपूर्वी, मे महिन्यात, गावातच मराठीतून प्रशिक्षण द्यावे. शामोनीप्रमाणे गावाने पाळी ठरवावी. प्रत्येक पाहुण्यामागे थोडी रक्कम विम्यासाठी व मदतनिधीसाठी बाजूला काढावी. सहलीच्या जाहिरातीत जेवण, गाडी, तंबू यांचा तपशील असतो. तेथेच गावच्या वाटाड्याचे नाव व त्याला मिळणारी रक्कमही छापावी. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथे वणवा लागला की पहिला धावतो तो गावकरीच. जंगल राखण्याचे हे कामही मोबदल्यात धरले पाहिजे.

२०२५ साली साल्हेर, रायगड, राजगड आदी बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पाहुणे आता वाढतच जाणार. आपण विद्यार्थी त्यांतलेच. सहल ठरवताना वर्गणी किती हे आपण प्रथम विचारतो. त्याबरोबर त्यातले गावात किती जाते हेही विचारावे. भूगोल व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वाटाड्यांकडून पाणवठ्यांची, वाटांची, डोंगरातल्या जागांची नावे लिहून घ्यावीत आणि लिहिणाऱ्याबरोबर सांगणाऱ्याचेही नाव नोंदवावे. पुस्तकातला उतारा घेतला तर लेखकाचे नाव द्यावे, हे आपले प्राध्यापक आपल्याला शिकवतात. तोच नियम डोंगरालाही लागू आहे.