पहिल्या नंबरात किती गाडे?

चि. भाचेबुवा,


तुमच्या निघोजेच्या कारखान्यात ट्रेनी मुलांची क्रमवारी आता दर महिन्याला फलकावर लागते आणि तेव्हापासून जॉबमधली खुबी कोणी कोणाला सांगत नाही, असं ताईकडून कळलं. चढाओढीशिवाय माणूस घडत नाही, असं तुमचे साहेब म्हणतात म्हणे. साहेबांचं निम्मं खरं आहे, आणि त्याचे पुरावे निघोजेपासून फार लांब नाहीत.

आकुर्डीच्या बजाजची स्कूटर एके काळी नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर मिळायची. किती गाड्या बनवायच्या हे परवाना ठरवायचा आणि गिऱ्हाईक दारात उभंच असायचं. मग नवं काही करायची घाई कोणाला? १९७२ साली आलेली चेतक थोड्याफार फरकाने पुढे दशकानुदशकं चालली. १९८५ मध्ये हीरो होंडाची चार स्ट्रोकची, पेट्रोल कमी पिणारी सीडी १०० आली. २००१ साली दुचाकींमधला पहिला मान बजाजच्या हातून गेला. त्याच वर्षी बजाजने पल्सर आणली, चाकणच्या कारखान्यातून. मार बसला नसता तर ती इतक्या जिद्दीने आली असती का, याची शंकाच आहे.

पण हा हिशेब कंपन्यांचा झाला. तो जसाच्या तसा माणसांना लावला की गडबड होते.

एडवर्ड्स डेमिंग हा अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ १९५० साली जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे द्यायला गेला. वर्षाकाठी माणसांना गुण देऊन त्यांची प्रतवारी लावणं हे तो कंपन्यांच्या जीवघेण्या दुखण्यांत मोजायचा. भीतीपोटी माणूस चूक लपवतो आणि शेजाऱ्याला मदत करणं थांबवतो, असं त्याचं म्हणणं. जपान्यांनी १९५१ मध्ये त्याच्या नावाने पारितोषिक सुरू केलं. कारखान्यांना मिळणाऱ्या या मानाची गंमत अशी, की त्यात कोणाला हरवावं लागत नाही. ठरलेली पातळी गाठणाऱ्या सगळ्यांना ते मिळतं, मग ते किती का असेनात. २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने ते मिळवलं.

हे परदेशी शहाणपण वाटत असेल, तर खेड तालुक्यातला बैलगाड्यांचा घाट आठव. (२०१४ ते २०२१ शर्यती बंद होत्या, बैलांच्या हालांवरून कोर्टात झगडा झाला, तो वाद मोठा आहे, या पत्रात मावायचा नाही.) सातारा-सांगलीकडे गाड्या शेजारी शेजारी पळतात. आपल्याकडे प्रत्येक गाडा एकटा, आपल्या बारीला, सेकंदांशी पळतो. ठरलेल्या सेकंदांच्या आत जेवढे येतील तेवढे सगळे पहिल्या नंबरात, आणि बक्षीस त्यांच्यात वाटलं जातं. घाटाचा राजा एकच होतो, हे खरं; पण पहिल्या नंबरात आलेला गाडामालकही त्या रात्री गुलाल लावूनच घरी जातो.

निघोजेच्या शिवारात फोक्सवॅगन आणि महिंद्रा हाकेच्या अंतरावर आहेत. शोरूममध्ये दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं ओढतात. तरीही महिंद्राच्या विजेच्या गाड्यांच्या ‘इंग्लो’ सांगाड्यासाठी फोक्सवॅगनच्या ‘एमईबी’चे भाग घेण्याचा करार २०२४ च्या फेब्रुवारीत झालाच. मालक लोक एवढे शहाणे, आणि तुम्ही पोरं वर्निअर कसा धरायचा हेही एकमेकांपासून लपवता!

झगडा हवाच. तो जॉबशी असू दे: कानस सपाट का चालत नाही, माप पुन्हा पुन्हा का चुकतं, याच्याशी. अशा झगड्याने हात तयार होतो. कायम होण्याच्या जागा थोड्या असतात, तिथे तुलना होणार आणि तिथे मागे सरून साधूपण मिरवायचं कारण नाही. पण क्रमवारीतला नंबर नव्हे, आपलं माप ठरलेल्या मापापासून किती दूर राहिलं ते वहीत लिहून ठेव. साहेबांपुढे तेच बोलेल.

आणि त्या खालच्या नंबरवाल्या पोराला खुबी सांगून टाक. उद्या असेंब्ली लाइनवर तो तुझ्या आधीच्या स्टेशनवर उभा असेल, तर त्याने सैल सोडलेला बोल्ट तुझ्यापुढेच येणार आहे. लाइन थांबली, की कोणाचा नंबर कितवा हे कोणी विचारत नाही.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा